अकराव्या रिळातली पाठमोरी बाई

गुंदवली, अंधेरी पूर्व
४ फेब्रुवारी १९८६

प्रिय अनू,

नमस्कार. मी आणि जया दोघी खुशाल आहोत. जया आता चौथीत आहे, वर्गात सगळ्यांत उंच, आणि आमटीतला कढीपत्ता अजून निवडून ताटाच्या कडेला लावते. तुझ्याकडेही सगळे बरे असतील. घाटकोपरची आपली भटवाडी सोडून तू मुलुंडला गेलीस एवढं कानावर आलं होतं, पत्ता नव्हता. तो परवा मिळाला, आणि कुठे मिळाला माहीत आहे? साकीनाक्याच्या डबिंग स्टुडिओत, संवादांच्या फायलीवर. वर सिनेमाचं नाव, त्याखाली तुझं नाव, त्याखाली मुलुंडचा पत्ता टाइप केलेला. मी म्हटलं, अगं, ही तर आपली अनू! दोन मिनिटं मला खरंच आनंद झाला. मग मी फाईल उघडली.

तर ऐक. तुझ्या सिनेमाची नायिका मी आहे. दचकू नकोस, फक्त आवाज माझा. तुमची बाई हिंदीतून आलेली, तिला मराठी येत नाही, ती शूटिंगला ओठ हलवून गेली आणि आता माइकपुढे मी उभी आहे. सात वर्षं मी हेच करते. तुम्ही लेखक मंडळी पानं देऊन मोकळी होता, म्हणून सांगते, हे काम कसं चालतं. सिनेमाचा मिनिटभराचा तुकडा कापतात आणि त्याची दोन्ही टोकं जोडतात, म्हणजे तो गोल गोल फिरत राहतो. त्याला लूप म्हणतात. पडद्यावर तेच ते परत परत येतं, आणि ओठांवर आवाज नीट बसेपर्यंत आपण बोलत राहायचं. नायिकेने एक थप्पड खाल्ली असली तर मी ती वीस वेळा खाते.

खरं सांगू? मी वैतागले आहे. सात वर्षांत मी शहरातल्या कितीतरी बायका बोलले, पण त्यांतली एकही मला अंधेरी स्टेशनबाहेर भाजी घेताना दिसलेली नाही. बिनबाह्यांचा ब्लाउज असला की ती नवऱ्याला फसवणार. चष्मा असला की तिचं लग्न जमणार नाही. इंग्रजी बोलत असली की शेवटच्या रिळात तुळशीला पाणी घालणार. नोकरी करत असली की तिचं मूल तापाने फणफणलंच म्हणून समज, आणि सासू दारात उभी राहून म्हणणार, "आई ऑफिसात, मग पोराला कोण बघणार?" मी अशी चार मुलं तापात घातली. दोन गेली, दोन वाचली, आणि चारही वेळा मी नोकरीचा राजीनामा दिला.

टीव्हीवरच्या जाहिरातींचं तर विचारूच नकोस. गेल्या महिन्यात कपड्यांच्या साबणासाठी मी आनंदाने किंचाळले. का, तर कॉलर स्वच्छ निघाली. जाहिरातवाले काचेमागून म्हणतात, "मॅडम, थोडी और खुशी." कॉलरीवर आणखी किती खूश होणार गं माणूस?

माझ्या शेजारी सुंदराबाई राहतात. दवाखान्यात आया आहेत. चौदा एप्रिलला कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून वस्तीच्या सभेत भाषण करतात, आणि घरी आल्या की नवऱ्याला, अंबादासभाऊंना, कांदा चिरायला बसवतात. अंबादासभाऊ चिरतातही, वर रेडिओबरोबर गुणगुणतात. दाखवा की ही बाई पडद्यावर! पण नाही. घेतलीत तर तुम्ही तिला फाटकं लुगडं नेसवाल आणि अंबादासभाऊंच्या हातात बाटली द्याल.

म्हणून तुझं नाव वाचून बरं वाटलं होतं, की चला, एकदा तरी बाईने लिहिलेली बाई बोलायला मिळेल. आणि पहिली दहा रिळं खरंच बरी आहेत. रॉकेलच्या रांगेतलं भांडण तर झकास, ते बोलताना मला मजा आली. मग पुढची पानं उलटली. अकराव्या रिळात तिला बँकेत बढती मिळते, नवरा थप्पड मारतो, आणि तुझी रॉकेलच्या रांगेत चारचौघांना गप्प करणारी बाई त्याच्या पायाशी बसून काय म्हणते? "तुम्ही हात उगारलात म्हणून मी भानावर आले. माझी चूक पोटात घाला."

अनू, कोणती बाई असं बोलते गं? एक दाखव. अंधेरीत शोध, बोरिवलीत शोध, तुझ्या मुलुंडात शोध.

शूटिंग झालेलं आहे, ओठ आता बदलता येत नाहीत, हे मला कळतं. पण शब्द बदलता येतात. ओठ जिथे मिटतात तिथे म, प, ब, भ आला की झालं. मी आरशापुढे बसून एक ओळ जमवली आहे: "तुम्ही हात उगारलात म्हणून मी भिणार नाही. माझी चप्पल कुठे आहे?" बोलून बघ, नीट बसते. शिवाय त्या ओळीनंतर नवरा निघून जातो आणि नायिका भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पाचसहा सेकंद नुसती पाठ. तुझ्या फायलीत तिथे काहीच लिहिलेलं नाही, दिग्दर्शक तिथे सनई घालणार आहेत. पाठीला ओठ नसतात, तिथे काहीही बसतं. तिथेही काही सुचलं तर दे.

मी दिग्दर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "लेखिकेने बदलून दिलं तर घेऊ, आवाज देणाऱ्याने नाही." अकरावं रीळ गुरुवारी वीस तारखेला सकाळी दहाला आहे. तुला स्पष्टच सांगते, ती ओळ मी बोलणार नाही. नाही बोलले तर ते दुसरी बाई आणतील, आणि साकीनाक्याला अशी बातमी दुपारपर्यंत सगळ्या स्टुडिओंत पोचते. पुढची कामंही जातील. माझं घर या गळ्यावर चालतं. तेव्हा वेळेत लिही.

भटवाडीच्या जुन्या गोष्टी काढत बसत नाही. झालं ते झालं. जयाचा बाप श्यामसुंदर गावाला असतो, एवढंच मला माहीत आहे. घरात सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी मैत्रीण आणि तुझ्या नायिकेचा गळा,
सुगंधा


गुंदवली
१२ फेब्रुवारी १९८६

अनू,

तुझं आंतरदेशीय मिळालं. नमस्काराचं मागाहून बघू.

तू लिहितेस, "ही ओळ मी रचलेली नाही, सुगंधा. मी ती माझ्या कानांनी ऐकली आहे, आणि कोणाकडून ते तुलाही माहीत आहे. तेव्हा मला तुझा राग आला होता. पण वय वाढलं तसा मला त्यात एका बाईचा मोठेपणा दिसायला लागला."

मोठेपणा! हे वाचता वाचता माझा चहा उतू गेला आणि मी तो तसाच जाऊ दिला.

म्हणजे मी मागच्या पत्रात "कोणती बाई असं बोलते" म्हणून एवढा त्रागा केला, तेव्हा तू मुलुंडला बसून मनात म्हणाली असशील, तूच की. बरं. बोलले होते मी. मागच्या पत्रात ते लपवलं, हे कबूल. मला वाटलं होतं तू विसरली असशील, किंवा निदान मला ओशाळं करायचं नाही म्हणून गप्प बसशील. तू तर ते सात वर्षं जपून ठेवलंस आणि रीळ नंबर अकरात घातलंस.

आता भटवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या माझ्या बाजूचं ऐक. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, माझ्या आईलासुद्धा नाही.

मार्च एकोणऐंशी, रविवारची दुपार. जया तुझ्याकडे खेळत होती, दोन वर्षांची. दुसऱ्या दिवशी दहाला माझ्या आवाजाची चाचणी होती. आमच्या गावचे लवूदादा स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहेत, त्यांनी चिठ्ठी दिली होती, आणि ती मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवलेली श्यामसुंदरला सापडली. तो म्हणाला, मंडळाच्या गणपतीत नाटक केलंस ते ठीक, तिथे आपली माणसं असतात, स्टुडिओत जायचं नाही. मी म्हटलं, मी जाणार. मग थप्पड. एकच. मग त्याने माझ्या चपला ट्रंकेत टाकून वर कुलूप लावलं, दाराला आतून कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि म्हणाला, "उद्या कशी जातेस बघतो."

मी रडले नाही गं. मी विचार करत होते, की हा माणूस कशाने विरघळतो? आणि मला आठवलं. आदल्याच गणपतीत आपण शिवदासने लिहिलेलं तीन अंकी नाटक केलं होतं. नऊ नंबरातला शिवदास, पोस्टात पत्रं लावणारा, बायकोपुढे ब्र न काढणारा. त्याच्या तिसऱ्या अंकात मी नवऱ्याच्या पायाशी बसून म्हणायचे, "तुम्ही हात उगारलात म्हणून मी भानावर आले. माझी चूक पोटात घाला." श्यामसुंदर पहिल्या रांगेत होता. त्या वाक्याला त्याने रुमाल काढून डोळे पुसले होते, मी स्टेजवरून पाहिलं होतं.

ते शिवदासचं वाक्य होतं, अनू! तालमी करून पाठ केलेलं. मी तिसऱ्या अंकात बसायचे तशी खाली बसले, आधी उजवा गुडघा टेकून, आणि त्याच पट्टीत ते म्हटलं. श्यामसुंदरचे डोळे भरून आले. त्याने ओळखलंच नाही. त्याला वाटलं, बायका अशाच बोलतात. त्याने मला उठवलं, किल्ल्या हातात दिल्या आणि म्हणाला, "जा. पण सिनेमात तोंड दाखवायचं नाही." म्हणून मी आवाजाची झाले. सोमवारी दहाला मी साकीनाक्याला हजर होते, आणि चौदा महिन्यांनी जयाला कडेवर घेऊन कायमची निघाले, ते तू गॅलरीतून पाहिलंसच.

त्याने ओळखलं नाही, हे मी समजू शकते. पण तू? तू त्या नाटकाची प्रॉम्प्टर होतीस! दोन महिने विंगेत बसून तेच वाक्य तू मला पुरवत होतीस. मी अडखळले की "पोटात, पोटात" म्हणून हात हलवायचीस. आणि भिंतीतून तेच वाक्य तुझ्या कानावर आलं तर तुला मोठेपणा दिसला? शिवदासने खोटं लिहिलं, मी ते अडचणीत वापरलं, आणि आता तू ते खरं म्हणून सिनेमात घालतेस. गावोगावच्या थेटरांत पुरुष डोळे पुसतील. आणि पुढे कोणा पोरीवर हात उठला की तिलाही हेच आठवेल आणि तिच्या नवऱ्यालाही हेच ऐकायचं असेल. हे मी बोलून देऊ?

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण मग मागच्यासारखंच होईल, निम्मं लपवलेलं. त्या दुपारचं एक मी अजून सांगितलेलं नाही.

आपल्या चाळीत कोणाकडे आवाज चढला की काय करायची रीत होती? रिकामी वाटी घ्यायची आणि दारावर जायचं. "वहिनी, थोडं विरजण आहे का?" बाहेरची काही विचारायची नाही, आतली काही सांगायची नाही. पण दार उघडावं लागायचं, आणि दार उघडलं की उगारलेला हात खाली यायचा. बाई वाटी घेऊन आत वळायची, नवरा शर्ट चढवून नाक्यावर जायचा. सहा नंबरात रुक्मिणीकाकूंकडे तर एका आठवड्यात तू तीनदा वाटी घेऊन गेलीस. काकू नंतर हसून म्हणाल्या होत्या, "अनूकडे दही फारच खातात हो."

त्या रविवारी चपला ट्रंकेत टाकल्यावर श्यामसुंदर मोरीत तोंड धुवायला गेला. मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "अनू, वाटी घेऊन ये." मोठ्याने नाही म्हटलं. पण ती भिंत कसली होती ते तुला माहीत आहे, तू काडी ओढलीस तरी आमच्याकडे ऐकू यायची. मी म्हटलं, आणि तुझा रेडिओ मोठा झाला.

तू पत्रात आपणहूनच लिहितेस की जयाच्या कानावर काही जाऊ नये म्हणून तू रेडिओ मोठा केलास. मी तर तुला रेडिओचं काही विचारलंही नव्हतं. खरं असेल ते. जयाला त्यातलं काही आठवत नाही, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, मनापासून. पण रेडिओ मोठा करून तू वाटीही घेऊ शकत होतीस. जयाला कडेवर घेऊन येऊ शकत होतीस. मी दाराकडे बघत बसले होते. श्यामसुंदर तोंड पुसत बाहेर आला तरी दार वाजलं नाही, आणि मग मी खाली बसले आणि शिवदासचं वाक्य म्हटलं.

तू आली असतीस तर ते म्हणावंच लागलं नसतं. तेव्हा ते तूच बदल. गुरुवार, सकाळी दहा.

सुगंधा


गुंदवली
२१ फेब्रुवारी १९८६

प्रिय अनू,

नमस्कार. काल तू जिन्यात उभी होतीस आणि मी तुझ्या शेजारून निघून गेले. वाईट वागले. पण तेव्हा मला बोलता आलं नसतं, म्हणून आज लिहिते. शिवाय तू यायच्या आधी काय झालं आणि तू माइकपुढे असताना काचेमागे काय चाललं होतं, हे तुला ठाऊक नाही.

दहा वाजले, तुझं पान नव्हतं. लूप सुरू झाला. नायिका बसते, ओठ हलवते, उठते, पाठ करते, परत बसते. मी माइकपुढे तोंड मिटून उभी. दिग्दर्शकांना आधी वाटलं माइक बंद आहे. मग म्हणाले, "सुगंधाबाई, झोप लागली का?" मी म्हटलं, ओळ बदलून आली की बोलते. ते म्हणाले, "नाही आली तर?" मी म्हटलं, तर नाही. त्यांनी लगेच दुसऱ्या बाईला बोलवायला फोन लावायला सांगितला. लवूदादा यंत्रावर बसून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. हेडफोनमध्ये लूपची खरखर चालू होती, आणि मी मनात हिशेब करत होते की जयाच्या शाळेत काय सांगायचं आणि आता काम कुठे शोधायचं. अनू, मी घाबरले होते. पत्रांत एवढी तोऱ्यात लिहिणारी मी!

मग तू दारात. बस पवईला बंद पडली म्हणालीस आणि पदराने तोंड पुसत पर्समधून पान काढलंस. दिग्दर्शकांनी ते मोठ्याने वाचलं. "तुम्ही हात उगारलात म्हणून मी भिणार नाही. माझी चप्पल कुठे आहे?" माझीच ओळ, खाली तुझी सही. ते म्हणाले, "अहो, बाई त्याच्या पायाशी बसली आहे. ती खाली बसून चप्पल शोधते आहे असं वाटेल." तू म्हणालीस, "वाटू दे." त्या वेळी मला इतकं हसू आलं की मी माइककडे पाठ फिरवली.

ते कसे तयार झाले ते सांगते, कारण तुला वाटत असेल आपण त्यांना पटवलं. नाही गं. तू पाणी प्यायला बाहेर गेलीस तेव्हा ते सहायकाला म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या गाण्यात दोघं बागेत आहेतच. लोक विसरून जातील." हे असं आहे. सात वर्षांत पहिल्यांदा एक बाई पडद्यावर धड बोलली, आणि ती बागेत विसरली जाणार.

मी ओळ तिसऱ्या फेरीला बसवली. इतकी लवकर मी कोणतीच ओळ बसवलेली नाही.

मग तू त्या पाठमोऱ्या शॉटचं काढलंस. तुझ्या पानावर खाली ते लिहिलेलं होतं, मी पाहिलं नव्हतं. दारावर थाप, आणि बाहेरून शेजारणीचा आवाज: "वहिनी, थोडं विरजण आहे का?" दिग्दर्शकांना ते आवडलं. सनईआधी घरगुती वाटेल म्हणाले. त्यांनी विचारलं, "हे आधी का नव्हतं लिहिलं?" आणि तू सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आधी माझ्याकडून राहून गेलं."

मी ऐकलं ते.

"सुगंधाबाई, तुम्हीच जरा आवाज बदलून बोला," असं ते म्हणाले. मला बोलता आलं असतं, मी एका सिनेमात तिघींचे आवाज दिलेले आहेत. मी म्हटलं, "मी बोलणार नाही. ज्यांनी लिहिलं त्या बोलतील." तुझा चेहरा उतरला होता. मला दया आली, पण माघार घ्यावीशी वाटली नाही.

तू माइकपुढे गेलीस आणि मी काचेमागे आले. पहिल्या चार फेऱ्यांना तुझ्या तोंडून नुसता श्वास आला. पाचव्याला "वहिनी" म्हणालीस आणि थांबलीस. दिग्दर्शक माझ्या कानाशी कुजबुजले, "लेखिकेला जमत नाही, तुम्ही जा." मी म्हटलं, थांबा. लवूदादांनी यंत्र बंद केलं आणि माइकवरून तुला सांगितलं, "गो बाय, आधी पाणी पी. मगे बघूया." त्यांना काय माहीत होतं कोण जाणे. त्या रविवारनंतर सोमवारी मी गालावर पावडर थापून त्यांच्यापुढे उभी राहिले होते, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

नवव्या फेरीला तू बोललीस. "वहिनी, थोडं विरजण आहे का?" आवाज फाटलेला, शेवटचे शब्द जवळजवळ आतच गेलेले. पडद्यावर त्या बाईची पाठ. लवूदादांनी आधी टेबलावर बोटांनी थाप वाजवून टेपवर घेतली होती, ती बरोबर जागेवर पडली. आणि दिग्दर्शक म्हणाले, "छान. आता एकदा जरा हसून म्हणा." तेव्हा मी ओरडले, "हसून नाही!" तुला आत ऐकू गेलं नसेल, काच जाड आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रडत होते, अनू. सात वर्षं मी माइकपुढे दुसऱ्यांच्या तोंडचं रडते आहे. काल स्वतःचं रडले आणि ते टेपवर आलं नाही.

म्हणून जिन्यात थांबले नाही.

घरी आले, भात लावला, आणि माझं डोकं परत फिरलं. म्हटलं, हे काय करून ठेवलं आपण? आता सिनेमात शेजारीण येते. थाप पडते, वाटी येते. शिवदासने एक खोटं लिहिलं होतं, आता आपण दोघींनी मिळून दुसरं लिहिलं. लोक बघतील आणि म्हणतील, मुंबईत बघा शेजारीपाजारी कसे धावून येतात. मी सुंदराबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या ना. बघून एखादी तरी उठंल वाटी घेऊन." त्यांचं बरोबर आहे. मला ते पटलंही आहे. तरी राग जात नाही.

तू जिन्यात काय विचारायला उभी होतीस ते मला कळलं होतं. तुला माफ केलं, असं लिहायला मी हे पत्र घेतलं. दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडला. अजून ते खरं नाही, आणि खोटं माझं खूप बोलून झालं आहे.

पण एक ठरवलं आहे. सिनेमा लागला की मी जयाला घेऊन जाणार. जाण्याआधी तिला त्या रविवारचं सांगणार आहे, नऊ वर्षांची आहे, तिला कळेल. तूही यायचंस. तिच्या एका बाजूला मी बसेन, दुसऱ्या बाजूला तू. माझा आवाज तर ती ओळखतेच. पाठमोऱ्या शॉटला ती विचारील, "आई, ही विरजण मागणारी कोण?" मी तुझ्याकडे बोट दाखवीन. मग ती तुझ्याकडे वळून विचारील, "अनूमावशी, तू खरंच आली होतीस?"

तिला उत्तर तू दे. मी मध्ये बोलणार नाही.

सुगंधा